बांधावरून : फोटोची छाटणी



पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून पुरता उतरलेला नाही. अंबिया बहाराची फळे झाडावर पोसत आहेत आणि सकाळी बागेत गेले की आधी नजर जाते ती खाली जमिनीवर, रात्रीतून किती फळ गळले ते पाहायला. अशा धांदलीच्या दिवसांत भिष्णूरकडच्या एका भगिनीचे पत्र आले. प्रश्न फवारणीचा नाही, खताचाही नाही. त्या लिहितात, "पुण्याच्या दिरांनी त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा आम्हाला दिला. मुलगा आठवीत आहे. तो कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यातच फोटो कापतो, उजळ करतो, काळापांढरा करतो. यांचे म्हणणे, असे केल्याने फोटो खोटा होतो. मुलगा म्हणतो, काही होत नाही. खरे कोणाचे?"

ताई, खरे दोघांचेही आहे. कसे ते सांगतो. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक तुम्हां सर्वांपुढे ठेवतो, कारण या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून शिकलो नाही, त्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जलालखेड्याकडच्या एका बागेत मला बोलावणे आले. बागाईतदार वयाने वडीलधारे, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. बागेच्या एका कोपऱ्यातली चाळीसेक झाडे पिवळी पडत होती. नवी पालवी बारीक, पाने अरुंद. मी खिशातून छोटा कॅमेरा काढला आणि एका पानाचा जवळून फोटो घेतला. भर दुपारची वेळ. उन्हात कॅमेऱ्याच्या मागचा पडदा फिकट दिसत होता. मला वाटले फोटोच फिका आला आहे. म्हणून तिथेच, झाडाखाली उभ्या उभ्या, कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन मी तो भडक केला. मग पान मोठे दिसावे म्हणून फोटो कापला. कापताना पानाचा जो भाग जास्त पिवळा तोच ठेवला, बाकीचा सोडून दिला. कार्ड भरत आले होते, तेव्हा जागा करण्यासाठी मूळ फोटो पुसून टाकला. कापलेला फोटो झकास दिसत होता. तो मी एका तज्ज्ञांकडे पाठवला.

तज्ज्ञांचे उत्तर आले, की फोटोवरून ग्रीनिंगचा संशय येतो, पण केवळ फोटोवर निर्णय घेऊ नका, पाने तपासणीसाठी पाठवा. संत्रा लावणाऱ्याला ग्रीनिंग म्हणजे काय ते सांगायला नको. हा रोग जिवाणूमुळे होतो, सिट्रस सायला नावाची कीड आणि रोगट डोळ्यांची कलमे यांतून तो पसरतो, आणि एकदा झाड धरले की बरे करणारे औषध नाही. मी काकाजींना पूर्ण निरोप सांगितला. पण त्यांच्या कानात एकच शब्द राहिला.

"साहेब, दहा वर्साचे झाडं हायेत," ते म्हणाले. "नातवाच्या बरोबरीचे. तोडाचे का मंग?"

त्या आठवड्यात काकाजी नीट झोपले नाहीत, हे मला नंतर त्यांच्या सूनबाईंकडून कळले. झाडे तोडायला माणूसही बोलावून ठेवला होता. शेवटी मी पुन्हा बागेत गेलो, चारही बाजूंच्या फांद्यांची पाने तोडली, कागदात गुंडाळून स्वतः नेऊन दिली. तज्ज्ञांनी एक पान उचलले, उजेडासमोर धरले आणि मला विचारले, "हे अख्खे पान तुम्ही फोटोत का नाही दाखवले?"

मंडळी, त्या एका प्रश्नात माझी सगळी चूक आली. जस्ताच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो, पण मधल्या शिरेच्या डावीकडे आणि उजवीकडे हा पिवळेपणा साधारण सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये पिवळट धब्बे दोन्ही बाजूंना सारखे नसतात, एकीकडे एक तऱ्हा, दुसरीकडे दुसरी. म्हणजे ओळख होती ती पानाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी पाहण्यात. आणि मी फोटो कापताना नेमकी एक बाजूच कापून टाकली होती! रंग भडक केल्याने उरलेला पिवळेपणा धब्ब्यासारखा दिसला. मूळ फोटो असता तर तो पाठवून दहा मिनिटांत शंका कमी झाली असती. तो मीच पुसला होता. ग्रीनिंग झालेल्या झाडावरही कधी कधी जस्ताच्या कमतरतेसारखी लक्षणे दिसतात, म्हणून प्रयोगशाळेची तपासणी करून घेतली. ग्रीनिंग निघाले नाही. माती आणि पाने तपासून शिफारशीप्रमाणे जस्ताची फवारणी केली, साचलेल्या पाण्याला चर काढून वाट दिली. पुढची पालवी हिरवी आली. ती झाडे आजही उभी आहेत.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ.

आपण बागेत सल काढतो. वाळलेली, रोगट फांदी कापतो, म्हणजे हवा खेळते, उजेड येतो. पण सल काढताना कोणी बुंध्यावर कुऱ्हाड चालवत नाही. फोटोचेही तसेच आहे. कॅमेऱ्यातच फोटो कापणे, फिरवणे, लहान करणे, उजळवणे ही छाटणी आहे. मूळ फोटो हा बुंधा. बुंधा शाबूत असेल तर छाटणी चुकली तरी पुन्हा करता येते. बुंधाच गेला तर पालवी कुठून फुटणार?

कॅमेरा बनवणाऱ्यांनीही हे जाणले आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत फोटो कापला किंवा उजळ केला की मूळ फोटोला हात न लागता त्याची वेगळी प्रत तयार होते. निकॉनच्या अनेक कूलपिक्स कॅमेऱ्यांत तर ही प्रत नावावरूनच ओळखता येते. मूळ फोटोचे नाव 'डीएससीएन' या अक्षरांनी सुरू होते. कापलेल्या प्रतीचे 'आरएससीएन', लहान केलेल्या प्रतीचे 'एसएससीएन' आणि इतर फेरफार केलेल्या प्रतीचे 'एफएससीएन' अक्षरांनी सुरू होते. पण सावध राहा. कॅननच्या काही छोट्या कॅमेऱ्यांत डोळ्यांतला लालपणा काढताना किंवा फोटो उजळवताना कॅमेरा विचारतो, 'न्यू फाइल' की 'ओव्हरराइट'? न्यू फाइल म्हणजे नवी प्रत. ओव्हरराइट म्हणजे जुन्यावरच नवे लिहिणे. ओव्हरराइट दाबले की मूळ गेले. मुलांना हा एक शब्द इंग्रजीत वाचायला शिकवा आणि तो दाबायचा नाही हे बजावा.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. त्रिकोणाची खूण असलेले बटण दाबा, म्हणजे काढलेले फोटो पडद्यावर येतात. हवा तो फोटो निवडा. मेनूत 'रिटच' किंवा 'एडिट' अशा नावाचा कप्पा असतो. त्यात पुढील कामे साधारणपणे सापडतात.

१. कापणे. याला ट्रिम किंवा क्रॉप म्हणतात. काही छोट्या कॅमेऱ्यांत फोटो झूमने मोठा करून मेनूचे बटण दाबले की जेवढा भाग दिसतो तेवढ्याची प्रत होते. लक्षात ठेवा, कापलेला तुकडा मूळ फोटोपेक्षा बारकाव्याने कमीच असतो. जास्त कापला की चित्र फाटल्यासारखे दिसते.

२. लहान करणे. पाठवायला सोपे जावे म्हणून. पण इथे हिशेब पाहा. १६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या पूर्ण फोटोत ४६०८ गुणिले ३४५६, म्हणजे सुमारे १ कोटी ५९ लाख ठिपके असतात. तोच ६४० गुणिले ४८० इतका लहान केला की ३ लाख ७ हजार ठिपके उरतात. म्हणजे पन्नासातला एक ठिपका राहिला, बाकीचे गेले. लहान प्रतीतून पुन्हा मोठा फोटो होत नाही. दळलेल्या पिठाचा पुन्हा गहू होतो का?

३. उजळवणे. निकॉनमध्ये याला डी-लायटिंग म्हणतात. सावलीत राहिलेला भाग त्याने उजळतो. लग्नाच्या मांडवात मागे उभी असलेली आत्या अंधारात गेली असेल तर हे कामाचे. पानाच्या, फळाच्या फोटोला मात्र लावू नका.

४. रंग बदलणे. भडक, फिका, काळापांढरा. हौसेच्या फोटोला खुशाल करा. पिकाच्या फोटोला कधीही नाही. लोह कमी पडले तर कोवळी पाने पिवळी पडतात. नत्र कमी पडले तर जुनी पाने आधी पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या देठाकडचा भाग हिरवा राहून बाकीचा पिवळा पडतो. झाडाला तोंड नाही, ते रंगातूनच बोलते. त्याचा रंग बदलणे म्हणजे त्याच्या तोंडात आपले शब्द घालणे.

५. डोळ्यांतला लालपणा काढणे. हे माणसांपुरते आहे. आमच्या नातवाने तान्हा पोळ्याच्या आदल्या रात्री गोठ्यात फ्लॅश मारून बैलजोडीचा फोटो काढला. बैलांचे डोळे हिरवट चमकले. त्याने चार वेळा लालपणा काढण्याचे बटण दाबले, काही झाले नाही. जनावराच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो, त्याची चमक लाल नसते, म्हणून कॅमेऱ्याला ती ओळखता येत नाही. दिवसा फोटो काढा, हा त्यावर उपाय.

मग फोटो खोटा केव्हा होतो? ताईंच्या घरधन्यांची शंका इथे रास्त आहे. जगातल्या मोठमोठ्या छायाचित्रकारांपुढेही हाच प्रश्न येतो. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या स्टेपान रुदिक यांचे बक्षीस काढून घेण्यात आले. त्यांनी मूळ फोटो पुष्कळ कापला होता, काळापांढराही केला होता. त्यावर बक्षीस गेले नाही. गेले ते कशावरून? फोटोतल्या एका माणसाच्या पावलाचा छोटासा भाग त्यांनी पुसून टाकला होता. परीक्षकांनी मूळ फोटो मागवला, तेव्हा ते उघड झाले. म्हणजे काय, नको तो कडेचा भाग वगळणे ही एक गोष्ट, आणि जे समोर होते ते नव्हतेच असे दाखवणे ही दुसरी. आणि निवाडा झाला तो मूळ फोटोवरूनच.

आपल्या शेतात हे कुठे लागू पडते? नुकसानीच्या वेळी. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भात गारपीट झाली, ती अनेकांना आठवत असेल. गार विरघळून जाते. पडलेली फळे दोन दिवसांत सडतात. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेतातली खूण पुसट होते. त्या वेळी तुमचा फोटो तुमच्या बाजूने बोलतो. पण त्याच फोटोचा रंग गडद केला असेल, किंवा उभी झाडे कापून फक्त पडलेली फळे ठेवली असतील, तर समोरचा माणूस सरळ म्हणतो, "हा फोटो केलेला आहे." मग खरे नुकसानही खोटे ठरायला वेळ लागत नाही. शंभर रुपयांचे नुकसान दीडशेचे दाखवायला जाल, तर शंभरही हातचे जातील.

म्हणून नुकसानीचे फोटो असे घ्या. आधी कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ तपासा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की पुष्कळ कॅमेऱ्यांचे घड्याळ बंद पडते आणि तारीख भलतीच होते. फोटोवर तारीख छापून यावी असे हवे असेल आणि तुमच्या कॅमेऱ्यात ती सोय असेल, तर ती फोटो काढण्याआधीच लावावी लागते. मग तीन फोटो घ्या. पहिला दुरून, विहीर, विजेचा खांब किंवा धुऱ्यावरचे झाड दिसेल असा, म्हणजे शेत कोणाचे ते ओळखता येते. दुसरा पाच-सात झाडांचा. तिसरा जवळून, शेजारी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवून, म्हणजे गारेचा घाव किती मोठा ते कळते. हे तिन्ही फोटो जसेच्या तसे ठेवा. न कापता, न उजळता. कार्डावरून संगणकात नक्कल करून घ्या. पाठवायला लहान हवा असेल तर प्रत लहान करा, मूळ नाही. प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलेच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तिथे मूळ फोटो आणि तो ज्यात काढला तो कॅमेरा यांची किंमत कळते.

एक खुलासा करतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्यासाठी २०२१ साली राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाइलवर करायची असते आणि तिचा फोटो शेतात उभे राहून त्याच ॲपमधून घ्यावा लागतो. कॅमेऱ्यातला फोटो तिथे कामाचा नाही. विम्याचे आणि मदतीचे नियम पिकाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा नुकसान झाले की त्याच दिवशी कृषी कार्यालयात विचारा. फोटो काढला म्हणून कळवण्याचे काम संपले, असे समजू नका.

पानाच्या फोटोचेही थोडक्यात सांगतो. पान सावलीत घ्या, मागे पांढरा कागद धरा. फ्लॅश बंद ठेवा. कॅमेऱ्यावर फुलाची खूण असते, ती जवळच्या फोटोसाठी, ती लावा. बटण आधी अर्धे दाबा, चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबा. अख्खे पान येऊ द्या, देठापासून टोकापर्यंत, वरची बाजू आणि खालचीही. मग फांदीचा एक, पूर्ण झाडाचा एक. आणि उन्हात पडद्यावर फोटो फिका दिसला म्हणून उजळवू नका. घरी सावलीत येऊन पाहा. बहुतेक वेळा तो ठीकच निघतो. माझा निघाला असता.

शेवटी घरातल्या फोटोंविषयी. ३० जुलै १९९१ ची सकाळ आपल्या तालुक्याला विसरता येत नाही. वर्धा नदीच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे गेली. ज्यांची माणसे गेली, त्यांतल्या कित्येकांच्या घरी भिंतीवरचे, ट्रंकेतले फोटोही पाण्यात गेले. तेव्हा दुसरी प्रत ठेवण्याचा मार्ग सामान्य घराला नव्हता. आज आहे. आजीचा फोटो हौसेने काळापांढरा करा, कडेचा पडदा कापा, चौकटीत लावा. पण मूळ फोटोची एक नक्कल घरी आणि एक परगावी दिलेल्या लेकीकडे ठेवा. नातवंडे उद्या विचारतील, आजीच्या लुगड्याचा रंग कोणता होता? काळ्यापांढऱ्या प्रतीला ते सांगता येणार नाही.

तर ताई, मुलाला कॅमेरा हाताळू द्या. त्याला रागावू नका. फक्त तीन गोष्टी शिकवा. आधी नक्कल, मग छाटणी. पिकाच्या रंगाला हात नाही. आणि मूळ फोटो पुसायचा असेल तर वडिलांना विचारून. मोबाइललाही हेच तीन नियम लागू आहेत. या रविवारी त्याच्याकडून संत्र्याच्या एका पानाचा फोटो काढून घ्या. मग त्याला सांगा, याची एक प्रत कापून आण. दोन्ही शेजारी शेजारी पाहा, आणि कापलेल्या प्रतीत काय दिसायचे राहिले ते त्यालाच सांगू द्या.

मागच्या आठवड्यात काकाजींच्या बागेत गेलो होतो. आता ते स्वतःच पान तोडून माझ्यापुढे धरतात. म्हणाले, "साहेब, अख्खं पान पाहा बरं. अर्धं नोका पाहू."

बरे आहे, येतो. पुढच्या आठवड्यात फळगळीवर बोलू.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी), नरखेड तालुका